पिंदाई, म्हणजे ‘आत या’

एखाद्या घरी सांभाळायला कुत्रं देऊन पंधरा दिवस झाले की मी त्या घरी जाते. न सांगता जाते. सांगून गेलं की लोक कुत्र्याला आंघोळ घालतात, त्याच्या ताटलीत मांसाचा तुकडा ठेवतात, आणि अंबुयांनी, म्हणजे मी आजीने, विचारलं तर काय बोलायचं ते पोरांना पढवून ठेवतात. मला ताटली बघायची नसते. कुत्रं मला बघून माझ्याकडे धावतं की त्या घरातल्या माणसाच्या पायामागे जाऊन उभं राहतं, एवढंच बघायचं असतं. पायामागे गेलं तर घर लागलं. मग मी चहा पिते आणि परत येते.

जुलैतल्या त्या शनिवारीही मी अशीच निघाले होते. पिशवीत जंतांच्या गोळ्या, थोडी सुकट आणि माझी छत्री. आमच्याकडच्या भाड्याच्या गाडीला कोंबी म्हणतात, आणि माणसं तीत खरोखरच कोंबतात. मी राहते त्या साकुब्वाहून वुंबाच्या डोंगराकडे जाणारी कोंबी मात्र त्या दिवशी अर्धी रिकामी होती. वुंबा म्हणजेच धुकं. जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत, ते एकदा उतरलं की दुपारी बारालाही समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि कामाशिवाय कुणी वर जात नाही.

माझं काम होतं. मी पिंदाईला बघायला चालले होते.

आधी त्याच्या नावाचं सांगते, कारण सगळं त्या नावातच आहे. आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतं, ते शेजाऱ्यासाठी असतं. माझ्या शेजारणीची कोंबडी गेली तेव्हा तिने कुत्र्याचं नाव ठेवलं ‘मुचादुरा’, म्हणजे ‘कबूल कराल एक दिवस’. रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून ती त्याला गळा फाडून हाका मारायची. तिसऱ्या महिन्यात पलीकडच्या बाईने घर बदललं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे लेकींना त्रास देत नाहीत, कुत्री पाळतात. ‘गोदो’ म्हणजे जळफळाट, ‘तिचाओना’ म्हणजे बघून घेऊ, ‘मुचानेता’ म्हणजे थकाल. कुणाच्या अंगणात कोणतं कुत्रं आहे यावरून त्या गल्लीतली भांडणं मी सांगू शकते.

त्यामुळे रस्त्यावरचं कुत्रं आणलं की मी आधी त्याचं नाव शोधते. शेजारी बसते आणि एकेक नाव उच्चारत जाते, कान हलेपर्यंत. घर गेलेल्या जिवाचं नावही का घालवायचं? नवीन माणसांना मी बजावून सांगते, नाव बदलायचं नाही. चाळीस वर्षांत दोनशेच्या वर कुत्री दिली, त्यातली बहुतेक आपापल्या नावानिशी गेली. याचा मला गर्व होता. होता म्हणते.

हा कुत्रा मला बाजारामागे, जिथे मांस भाजतात तिथे सापडला. तांबूस रंग, एक कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पोटापर्यंत लाल चिखल. आमचा पावसाळा मार्चात संपतो, साकुब्वात तीन महिने पाऊस नव्हता, चिखल कुठला? तीनदा धुतला. सकाळी पाय पुन्हा लाल, आणि ओले. ती माती मी ओळखली, पेन्हालोंगाची. तिथे लोक सोन्यासाठी डोंगराला भोकं पाडतात. म्हटलं, एखाद्या खणणाऱ्याचा कुत्रा असेल, माती कातडीत मुरली असेल. अक्कल कमी पडली की माणूस असंच काहीतरी म्हणतो.

सव्वाशे नावं घेतली, कान हलला नाही. चौथ्या दिवशी चर्चमधली एक बाई फाटकाशी आली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, “येऊ का?” मी आतूनच ओरडले, “पिंदाई!” म्हणजे आत या. आणि कुत्रा ताडकन उठला. उंबरठा ओलांडून आत आला, वळला, दाराच्या चौकटीला अंग चिकटवून बसला, आणि बाहेर बघत राहिला. मग त्याची मान बाहेरून आत वळली. पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. अशी बऱ्याचदा. मला वाटलं माशीमागे बघतोय. जुलैतल्या थंडीत माशी!

चर्चची बाई म्हणाली, “कसला आदबशीर कुत्रा आहे तुमचा, अंबुया.”

“आदब तुझ्यासाठी नाही,” मी म्हटलं. “त्याचं नावच पिंदाई आहे. सापडलं!”

एकट्यादुकट्या लहान माणसाला आम्ही ‘पिंदा’ म्हणतो, ये. थोरामोठ्याला म्हणायचं ‘पिंदाई’, या. मला वाटलं, कुणीतरी पाहुण्यांचं भुकेलं माणूस असेल, शेजाऱ्यांना टोमणा मारत असेल की कधी येताय आमच्याकडे. मला हसू आलं. मी स्वतः कुणाला ‘या’ फारसं म्हणत नाही. आमच्या बिशपलाही मी ‘तू’ म्हटलेलं आहे. शाळेत गेले नाही, वाचायला शिकले ते साबणाच्या वेष्टनांवरून, आणि जे मिळवलं ते कुणापुढे गुडघे न मोडता. मान द्यायचा तो मी वागण्यातून देते, तो कुणी माझ्या जिभेकडून मागू नये.

त्याच आठवड्यात माय रुवा, म्हणजे रुवाची आई, आली. वुंबाच्या रस्त्यावर एक बंद पडलेलं पाहुणेघर आहे, मालक परदेशी गेलाय. त्याच्या किल्ल्या माय रुवाकडे. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची सहा वर्षांची रुवा, दोघीच राहतात. नवरा जोहान्सबर्गला, तो ख्रिसमसला उगवतो. “माकडं कौलं काढतात अंबुया, आणि हल्ली चोरही फिरतात. राखणीला एक द्या.” तिचं घर मी बघितलेलं होतं, बाई चांगली होती. मी पिंदाईच्या गळ्यात दोरी घातली, कागदावर नाव लिहून दिलं आणि म्हटलं, “संध्याकाळी दारात उभी राहून याच नावाने हाक मारायची. एका हाकेत आत येतो.”

ते मी सांगितलं. माझ्या तोंडाने.

कोंबीतून उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. धुकं इतकं की छत्रीच्या टोकावरून पाणी गळत होतं आणि पाऊस नव्हता. रस्त्याकडेची झाडं जवळ गेल्यावर एकेक करून पुढे यायची. वरून कुठून तरी बारीक आवाज आला, “पिंदाई... पिंदाई...” रुवाचा. एरवी ती पोर हाक मारते तर डोंगर गोळा होतो. हा आवाज कुजबुजल्यासारखा होता, आणि तरी मला खालच्या वळणापर्यंत ऐकू आला.

कुत्रा भुंकला नाही. मी फाटक उघडलं, अंगण ओलांडलं, दारापर्यंत गेले. तो चौकटीला टेकून बसला होता. माझ्याकडे धावला नाही, कुणाच्या पायामागेही गेला नाही. फक्त जरा सरकला. मला वाट दिली.

माय रुवा गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. ती काळी पॉलिश केलेली फरशी तिचा अभिमान, तीत तोंड बघावं. बादलीतलं पाणी लाल झालं होतं.

“मी एरिना. चहा टाक,” मी म्हटलं. “आणि कुत्र्याचे पाय पुसून त्याला आत घेत जा, म्हणजे एवढं घासावं लागणार नाही.”

तिने मान वर केली नाही. “कुत्र्याचे नाहीत, अंबुया.”

मी वाकून बघितलं. माणसाचं पाऊल. अनवाणी, बोटं फाकलेली, ओल्या लाल मातीचं. तिने आपलं पाऊल त्याच्याशेजारी ठेवलं. मातीचं पाऊल तिच्याहून चार बोटं लांब होतं. पावलं दारातून आत आली होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

“रोज संध्याकाळी?” मी विचारलं.

“हाक मारली की. तुम्ही म्हणालात राखण करील! राखण कसली करतो? लग्नघरातल्या यजमानासारखा दारात बसतो आणि वाट देतो. मी हाक मारते, तो आत येतो, आणि मग मला दार लावता येत नाही, अंबुया. जोर लावला तरी लागत नाही. मग थोड्या वेळाने आपोआप हलकं होतं.” तिचा आवाज खाली गेला. “दोन दिवस त्याला फाटकाशी बांधून ठेवला. हाक नाही, काही नाही. तरी सकाळी फरशी अशीच. आत आलेलं आतच आहे...”

“रुवा कुठे आहे?”

तिने हाताने दाखवलं. आतल्या खोलीत पोर भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पुढ्यात थाळी, मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा आणि पालेभाजी. खोली रिकामी असताना ती कोपऱ्यात इतकी आक्रसून बसली होती, जशी मुलं भरलेल्या कोंबीत बसतात. मी तिचा हात हातात घेतला. दगडावर हात ठेवावा तसा लागला.

“काय गं, इकडे मधे बस की. कोपऱ्यात काय?”

“ते बसलेत ना.”

“कोण ते?”

“ते. आत आलेत ते.” पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे शब्द फुसफुसत येत होते. “ओले आहेत. त्यांना लई थंडी वाजते.”

“बोलतात?”

“नाही. तोंडात माती आहे त्यांच्या.”

“कुठे बसतात?”

तिने बोट केलं. बोट पलंगापासून निघालं आणि भिंतीवरून हलत हलत दारापर्यंत गेलं. मला वाटलं, थंडीने पोरीचा हात कापतोय.

माय रुवा माझ्यामागे येऊन उभी होती. “चार दिवस ही अशी आहे. जेवायला दिलं तर अर्धं बाजूला ठेवते. अंग तापत नाही अंबुया, थंड पडत चाललंय. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा.” मग दाराकडे बघत, दात आवळून म्हणाली, “उद्या माझा दीर येतोय. मांसात औषध घालून आणणार आहे.”

“कुणाला घालणार?”

मी जी भडकले! “माझ्या कुत्र्याला विष? त्याने काय केलं? तुझ्या हाकेला ओ दिली, हा गुन्हा झाला? दिराला सांग, डोंगर चढू नकोस. चढलास तर कुत्र्याआधी तुझी अंबुयाशी गाठ आहे. कुत्रा मी आत्ताच नेते. पण आधी जो आत आलाय त्याला बाहेर काढते.”

मला सगळं कळलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. लाल माती, तोंडात माती. पेन्हालोंगाच्या एखाद्या भोकात दबून मेलेला कुणीतरी पोरगा, या कुत्र्याचा धनी. घराघरांतून कुत्र्यामागे फिरतोय. त्याची आई संध्याकाळी कुत्र्याला हाक मारते असं दाखवून लेकालाच बोलावत असेल, लोकांनी वेडी म्हणू नये म्हणून. म्हातारीची कीव आली. पण पोराची नाही. मेलेला असला तरी माझ्या नातवाच्या वयाचा. दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात हात घालतो?

मी उंबरठ्यात उभी राहिले. आत तोंड केलं आणि पालिकेच्या माणसाशी बोलते त्या आवाजात म्हटलं, “बुदा!”

बाहेर हो. ‘बुदाई’ नाही म्हटलं. व्हा-बिव्हा मी कशाला म्हणू?

फडक्यातून बादलीत थेंब टपटपले. मग वास आला. खूप दिवस झाकलेल्या विहिरीचं झाकण काढल्यावर येतो तो वास, त्यात विझलेल्या मेणबत्तीचा धूर. माझ्या दंडाला काहीतरी घासून गेलं, ओलं, थंड, आणि घाबरलेलं. हो, घाबरलेलं. कुत्रं लाथेच्या भीतीने अंग चोरून जवळून जातं, तसंच. पिंदाईची मान आतून बाहेर वळली. एकदा. धुकं दाराशी जरासं हललं आणि मिटलं.

“गेला,” मी म्हटलं. “बघितलंस? एका शब्दात.”

मी दोरी ओढली तरी पिंदाई उठेना. तो आत बघत होता आणि घशात बारीक कण्हत होता. मी म्हटलं, नवीन घराची सवय झाली असेल. ओढून नेला. माय रुवाने माझ्या पिशवीत मावतील तेवढे पेरू भरले आणि माझे हात धरून रडली. रुवा मात्र कोपऱ्यातून सरकली नाही. हे मला दिसलं होतं. पण जिंकलेल्या माणसाला कोपरे दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी कुत्र्याला घेऊन पेन्हालोंगाला गेले. धनी कोण होता हे समजल्याशिवाय कुत्रं दुसऱ्या घरी द्यायचं नाही, हा माझाच नियम, आणि पिंदाईच्या बाबतीत मी तो मोडला होता. कोंबीत कंडक्टर म्हणाला, “अंबुया, कुत्रा टपावर.” मी म्हटलं, “तू बस टपावर, त्याचं भाडं मी दिलंय.” उतरल्याबरोबर पिंदाई पुढे आणि मी मागे. नदी ओलांडून, खणलेल्या मातीच्या ढिगांमधून तो एका मातीच्या घराशी थांबला. दाराला कुलूप, अंगणात गुडघाभर गवत. तो दाराबाहेर बसला. आत जायचं नावच काढेना. कुणी हाक मारेपर्यंत जाणार नव्हता.

शेजारच्या अंगणात एक बाई उकडलेली रताळी विकायला मांडत होती. तिने कुत्रा बघितला आणि हातातलं रताळं खाली ठेवलं.

“अगं बाई! पिंदाई! हा जिवंत आहे?”

“कुणाचा हा?”

“अंबुया सेकाईंचा. मे महिन्यात गेल्या त्या. त्यानंतर हा कुठे गेला कुणी बघितलं नाही.”

“त्यांचा मुलगा खाणीत गेला ना? म्हातारी त्यालाच हाक मारायची.”

“मुलगा? त्यांना मूलबाळच नव्हतं. हां, पोरं होती म्हणा. खणायला आलेली, लांबलांबची. त्यांच्या अंगणात झोपायची, त्या रांधून घालायच्या. हा कुत्राही त्या पोरांचाच, तेव्हा एवढंसं पिल्लू होतं. जानेवारीच्या पावसात एका सकाळी सगळे खाली उतरले आणि भोक मिटलं. लांबची पोरं, कोण उकरतंय? अंबुयांनी चार दिवस हातांनी उकरलं. मग पिल्लाला नाव दिलं आणि रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून हाक मारायला लागल्या. आम्हाला वाटायचं कुत्र्याला बोलावतात. पण थाळ्या मांडायच्या हो. स्वतःची धरून दहा.”

“दहा...?”

“नऊ पोरं आणि त्या. आपल्या पोराला कुणी ‘पिंदाई’ म्हणेल का, अंबुया? एका पोराला ‘पिंदा’ म्हणतात. नऊ जणांना काय म्हणणार?”

आमच्या भाषेत ‘या’ दोघांना म्हणतात. थोराला, आणि पुष्कळांना. रुवा म्हणाली होती, ‘ते आत आलेत.’ तिचं बोट पलंगापासून दारापर्यंत हललं होतं. कापलं नव्हतं, मोजत होतं. आणि मी दारात उभी राहून एकालाच बाहेर काढलं होतं.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. माय रुवा.

“अंबुया... रुवा घरात थांबत नाही... तीनदा उचलून आणली, पुन्हा बाहेर जाऊन बसते... तिचे ओठ...”

“तिला पांघरूण घाल. मी निघाले,” मी म्हटलं. एकाहत्तर वर्षांची मी रस्त्यापर्यंत धावले. पिंदाई माझ्याही पुढे.

वर पोहोचले तेव्हा चार वाजले होते, आणि धुक्यात उजेड असा होता जसा दुधाच्या भांड्यात आत बसल्यावर असेल. रुवा पायरीवर होती. अंगावर शाळेचा स्वेटर, त्यावर दोन घोंगड्या, आणि तिच्या आईने तिला छातीशी धरलेलं. पोरीचे ओठ शाईसारखे.

“आत चल, बाळा.”

“जागाच नाही, अंबुया.” डोळे मिटूनच बोलली. “सगळे दाराशी आलेत. एकाला शोधतायत. ढकलाढकली चाललीये... श्वास घेता येत नाही आत.”

दार सताड उघडं होतं आणि आत काळी फरशी लाल झालेली. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला पावलांवर पावलं, पावलांवर पावलं, एक बोट ठेवायला जागा नाही. आणि सगळ्या पावलांची बोटं बाहेरच्या दिशेने. उंबरठ्यापर्यंत येऊन थांबलेली. एकाला हाकललेलं बघितल्यावर, कुणी बाहेर बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडायची छाती होत नव्हती त्यांची.

दोनशेच्या वर कुत्री मी दिली. एकालाही, पुढे कुठे जाणार हे ठरल्याशिवाय, दाराबाहेर काढलं नाही. आणि एका माणसाच्या लेकराला मी धुक्यात हाकललं होतं, कुत्र्याला हाकलतात त्या शब्दाने. कुत्र्यालाही मी तो वापरत नाही.

मी खाली बसले. गुडघे मोडून, ओल्या दगडावर. आमच्या बायका थोरांपुढे बसतात तशी, ओंजळीत हवा धरून हळू टाळ्या वाजवत. आयुष्यात पहिल्यांदा नाही, पण लहानपणानंतर पहिल्यांदा.

“चुकले मी,” मी म्हटलं. “म्हातारी झाले, पण शहाणी झाले नाही. या लेकराला श्वास घेऊ द्या. माझं घर लहान आहे, पण अंगण मोठं आहे आणि रोज मोठं भांडं चढतं. माझ्याबरोबर चला. बुदाई... बाहेर या...”

पिंदाई चौकटीला टेकून बसला. त्याची मान आतून बाहेर वळली. पुन्हा. पुन्हा. या वेळी मी मोजत होते. दरवेळी तो विहिरीचा वास माझ्या तोंडावरून जायचा आणि टाळ्या वाजवणारे माझे हात आणखी गारठायचे. आठ. मग मान थांबली. पिंदाई उठला आणि त्याने अंग झाडलं.

रुवाने डोळे उघडले. “आई,” ती म्हणाली, “भूक लागली.”

उतरताना कोंबीत मी, कुत्रा आणि चालक, तिघंच होतो. वळणावर चालक म्हणाला, “काय झालंय गाडीला? उतार आहे तरी रखडतेय. ठासून भरल्यासारखी.” आपल्या घरी पोहोचले तेव्हा दिवस बुडत होता. माझी अकरा कुत्री फाटकाशी आली होती, एकही भुंकलं नाही. बाजूला सरून त्यांनी गल्ली केली. मी उंबरठ्यात उभी राहून, वरच्या पट्टीत नाही, नीट, हाक दिली, “पिंदाई.”

आठ वेळा.

तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. फरशी रोज पुसते. भांड्यात पीठ जास्त घालते, सकाळी ते निवलेलं असतं आणि कुत्री त्याला तोंड लावत नाहीत. माझे हात आता उन्हातही गरम होत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. चांगली पोरं आहेत, कुणाला त्रास देत नाहीत. फक्त संध्याकाळ झाली की पिंदाई फाटकाशी जाऊन वुंबाच्या बाजूला तोंड करून बसतो, आणि माझ्या पाठीमागे खोलीत कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं वाटतं. एक नाही, सगळेच. मी तीनदा वर जाऊन आले. त्या रस्त्यावर उभी राहून धुक्यात त्या नवव्याला हाका मारल्या. माझा आवाज ओळखत असेल तो. माझ्या आवाजाला तो कशाला येईल?

सप्टेंबरात धुकं सरलं. परवा माय रुवाचा फोन आला. आवाजात हसू होतं. रुवा शाळेत जातेय, गालावर रंग आलाय, आणि त्याच दिराने, विषवाल्या, तिच्यासाठी एक पिल्लू आणून दिलंय. रागवाल म्हणून सांगत नव्हते म्हणाली.

“कसलं पिल्लू? जंतांचं औषध दिलं का?” मी म्हटलं. “नाव काय ठेवलंत?”

“रुवानेच ठेवलंय. किती ओरडले मी, पण ऐकत नाही. काल संध्याकाळपासून दारात उभी राहून हाका मारतेय. ऐका, आत्ताही...”

तिने फोन दाराकडे धरला असावा. लांबून, फुसफुसत्या दातांतून, हळूच कुणाला तरी समजावल्यासारखा आवाज आला.

“पिंदा... ये ना... कुणी रागावणार नाही... पिंदा...”

“माय रुवा,” मी म्हटलं, “ते पिल्लू आत आलं का?”

“पिल्लू?” ती म्हणाली. “पिल्लू तर मघापासून माझ्या मांडीवर झोपलंय, अंबुया.”